थंडी ओसरताना बागेतली कामं: आधी काय, नंतर काय

हिवाळ्याच्या शेवटी एक दुपार अशी येते की बागेत उभं राहिलं तरी स्वेटर नकोसा वाटतो. गुलाबाच्या फांदीवर तांबूस टिपका दिसतो आणि कात्री हातात घ्यावीशी वाटते. बाग करायला लागले त्या पहिल्या वर्षी मी ती त्याच दुपारी घेतली. एका दिवसात गुलाब छाटले, सगळ्या कुंड्यांना खत घातलं, मिरचीचं बी थेट बाहेरच्या वाफ्यात टाकलं. दहा दिवसांनी थंडी पुन्हा उलटली. गुलाबाचे कोवळे फुटवे काळे पडून गळाले. मिरचीचं बी मातीतच कुजलं. यातलं एकही काम मुळात चुकीचं नव्हतं. सगळीच वेळेआधी केली होती आणि क्रम उलटा होता.

त्यानंतरच्या हिवाळ्यांत जो क्रम हाताला बसला तो इथे देते आहे. महिने मुद्दाम लिहिलेले नाहीत, कारण एकाच गावातल्या दोन बागांतही थंडी एकाच दिवशी संपत नाही. त्याऐवजी खुणा दिल्या आहेत, त्या तुमच्याच बागेत शोधायच्या.

आधी हे समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. उत्तर गोलार्धात २१-२२ डिसेंबरला सर्वांत लहान दिवस असतो, दक्षिण गोलार्धात २१ जूनच्या आसपास. त्यानंतर दिवस लगेच मोठा व्हायला लागतो, पण थंडी मात्र बऱ्याचदा त्यानंतरच वाढते. म्हणजे उजेड आधी येतो, हवेची ऊब मागून येते आणि माती सर्वांत शेवटी तापते. काही झाडं उजेडाकडे बघून जागी होतात, काही उबेकडे, आणि बी तर मातीचंच ऐकतं. कुंडीतली माती जमिनीपेक्षा लवकर तापते आणि लवकर गारही होते. त्यामुळे तेच झाड कुंडीत आधी फुटतं आणि थंडी परतली की फटकाही त्यालाच आधी बसतो.

हाताशी काय ठेवायचं

- झाडं छाटायची कात्री. दोन पाती एकमेकांना घासून जातात ती घ्या. एक पातं दुसऱ्यावर आपटणारी कात्री कोवळी फांदी चेचते
- ७० टक्क्यांचं स्पिरिट आणि कापूस
- खुरपी, झारी, फवारणीची बाटली
- रात्रीचं किमान तापमान नोंदवून ठेवणारा तापमापक, आणि जमल्यास मातीत खुपसायचा एक
- जुन्या सुती चादरी आणि चार-सहा काठ्या
- चाळलेलं कंपोस्ट किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, थोडं कोकोपीट
- कडुनिंबाचं तेल आणि पातळ साबण
- भिंग
- वही

वही शेवटी लिहिली असली तरी मला तीच सर्वांत उपयोगी पडली. पहिला फुटवा कधी दिसला, शेवटची कडक रात्र कोणती, एवढं जरी लिहिलंत तरी दोन-तीन वर्षांनी तुमच्या बागेचं स्वतःचं पंचांग तयार होतं.

१. आठवडाभर फक्त बघा

या आठवड्यात काहीही कापायचं नाही, काहीही पेरायचं नाही. रोज सकाळी तापमापकावरचा रात्रीचा आकडा लिहा. नंतर फांद्यांवरचे डोळे, म्हणजे नवी फूट जिथून येते ते कोंब, बघा. झोपलेला डोळा चपटा आणि खोडाला चिकटलेला असतो. जागा होत असलेला फुगतो, टोकदार होतो, त्याचा रंग बदलतो. अजून पान उघडलेलं नसतं. छाटणीसाठी आपल्याला हीच अवस्था हवी.

एखादी फांदी मेली की जिवंत आहे हे कळत नसेल तर नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर जिवंत. तपकिरी आणि कोरडं असलं तर खाली सरकून पुन्हा खरवडा. नवीन माणसं पानं गळालेलं झाड मेलं समजून उपटतात. हिवाळ्याच्या शेवटी बऱ्याच झाडांची पानझड नैसर्गिकच असते.

याच आठवड्यात उन्हाचा नकाशा काढा. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता कुठे ऊन आहे ते वहीत आखा. सूर्य रोज थोडा वर चढत असतो, त्यामुळे भिंतीची सावली आखडते. दोन महिन्यांपूर्वी ज्या कोपऱ्यात दिवसभर सावली होती तिथे आता तीन तास ऊन असू शकतं. सावलीतल्या झाडांच्या पानांवर पांढुरके, कागदासारखे चट्टे दिसले तर आधी हा नकाशा बघा. रोगाचा विचार त्यानंतर.

२. पाण्याची सवय हळूहळू बदला

थंडीत झाड पाणी कमी पितं आणि माती सावकाश वाळते. दुपारची ऊब जाणवली की आपण लगेच पाणी वाढवतो, पण मुळं अजून गार मातीत असतात. ओल्या, गार मातीत मुळं कुजतात, आणि कुजलेल्या मुळांचं झाड तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं. मग आपण आणखी पाणी घालतो. या ऋतूत सर्वांत जास्त कुंड्या अशाच जातात.

बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाला. तिथवर कोरडं असेल तरच पाणी द्या, आणि दिलंत तर खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वेळ सकाळची ठेवा, म्हणजे रात्रीची थंडी येईपर्यंत पानं आणि वरची माती कोरडी होते. नवे फुटवे धरले की झाडाची मागणी खरंच वाढते आणि बोटालाही ते कळतं. आठवड्यातून दोनदा पाणी लागणारी कुंडी तीनदा मागू लागते.

३. हंगाम संपलेल्यांना मोकळं करा

हिवाळी फुलझाडांपैकी कोणाला ठेवायचं ते फुलांकडे बघून ठरवा. पेटुनिया, पँझी, कॅलेंडुला यांची सुकलेली फुलं खुडत राहिलात तर ती अजून काही आठवडे फुलतात. बी धरू दिलंत की फुलणं मंदावतं. शेवंतीचा बहर संपला असेल तर खोड जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटरवर कापा. बुडातून येणारे नवे फुटवे म्हणजे पुढच्या वर्षीची रोपं.

पालक, कोथिंबीर, लेट्यूस अचानक उंच वाढून तुरे काढू लागतात. दिवस मोठा झाला आणि ऊब वाढली की ही झाडं पानांचं काम थांबवून बियांच्या मागे लागतात. शेंडा खुडून त्यांना फार दिवस अडवता येत नाही. पानं काढून घ्या आणि एक-दोन सशक्त झाडं बियांसाठी राखा. कोथिंबिरीची फुलं छोट्या उपयोगी कीटकांना फार आवडतात, म्हणून मी ती शेवटपर्यंत उपटत नाही.

४. छाटणी

कात्री लावण्याआधी प्रत्येक झाडासमोर एकच प्रश्न विचारा: हे फूल कुठल्या फांदीवर धरतं, नव्या की जुन्या?

नव्या फुटीवर फुलणारी झाडं आता छाटायची. बहुतेक आधुनिक गुलाब, जास्वंद, मोगरा, बोगनवेल या गटात येतात. जितकी जोमदार नवी फूट, तितकी जास्त फुलं. गेल्या हंगामातल्या फांदीवर कळ्या तयार ठेवून बसलेली झाडं मात्र आता छाटायची नाहीत. मोठ्या गोल गुच्छांची हायड्रेंजिया, अझेलिया, वर्षातून एकदाच फुलणारे बरेचसे वेली गुलाब अशा झाडांना आत्ता कात्री लावलीत तर त्या वर्षीची फुलंच कापली जातात. त्यांची छाटणी बहर ओसरल्यावर. आंबा आणि लिंबू याच सुमाराला मोहरतात, त्यांनाही आता हात लावू नका. आंब्याचा मोहर तर फांदीच्या टोकालाच येतो.

झाड कुठल्या गटातलं ते माहीत नसेल तर या वर्षी फक्त मेलेल्या फांद्या काढा आणि फुलं कुठे धरली ते वहीत लिहा.

वेळ: डोळे फुगलेले, पानं न उघडलेली, आणि कडक थंडीच्या रात्री मागे पडलेल्या. छाटणी म्हणजे झाडाला फुटण्याचा हुकूम असतो. फांदीचं टोक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवणारं संप्रेरक तयार करत असतं. टोक कापलं की तो दाब जातो आणि खालचे डोळे फुटतात. हे कोवळे फुटवे थंडी सोसू शकत नाहीत. दोन आठवडे उशीर झाला तर बहर थोडा पुढे जाईल, पण दोन आठवडे घाई झाली तर फुटवेच जातील. शंका आली की मी थांबते.

आधी मेलेलं, रोगट, मोडलेलं काढा. मग एकमेकांना घासणाऱ्या फांद्यांतली अशक्त फांदी काढा. त्यानंतर झाडाच्या मध्यभागी हवा खेळेल इतकं मोकळं करा. एवढं झाल्यावर चार पावलं मागे जाऊन झाड बघा. बऱ्याचदा आणखी काही कापायची गरजच उरत नाही. उंची कमी करायची असेल तर पहिल्या वर्षी एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नका. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर अर्ध्या सेंटिमीटरवर, आणि उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. त्याहून लांब खुंट ठेवलात तर तो वाळतो आणि कुज खाली उतरते. फार जवळ कापलंत तर डोळाच सुकतो.

एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना पाती स्पिरिटने पुसा. हे कंटाळवाणं आहे आणि तरीही करायचंच. माझ्याकडे एका गुलाबाची काळी पडलेली फांदी कापून तीच कात्री रांगेतल्या पुढच्या तीन गुलाबांना लागली होती आणि महिनाभरात चारही गुलाबांच्या फांद्या वरून खाली काळ्या पडत गेल्या.

दाट कुंपण छाटण्यापूर्वी आत हात घालून बघा. पक्षी याच दिवसांत घरटी बांधायला लागतात. घरटं सापडलं तर पिल्लं उडेपर्यंत त्या भागाला हात लावू नका.

५. कुंड्या बदलणं

तळाच्या भोकातून मुळं बाहेर आली असतील किंवा पाणी ओतताक्षणी खालून वाहून जात असेल तर झाडाला कुंडी पुरत नाही. नवी कुंडी जुनीपेक्षा ३ ते ५ सेंटिमीटरच रुंद घ्या. फार मोठ्या कुंडीतली जास्तीची माती मुळं पोचेपर्यंत ओली राहते आणि आंबते.

तळाशी खापऱ्यांचा किंवा खड्यांचा जाड थर घालू नका. त्याने निचरा सुधारतो असं सगळे सांगतात, मीही अनेक वर्षं घालत होते. बारीक मातीतून पाणी भरड थरात सहज उतरत नाही, ते वरच अडतं, आणि ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे.

गोल गोल फिरलेली मुळं बोटांनी सोडवा, न सुटणारी कापा. झाड पूर्वी जितकं खोल होतं तितकंच ठेवा. मग आठवडाभर सावलीत, आणि तीन-चार आठवडे खत नाही. फुलावर आलेल्या झाडाची कुंडी आत्ता बदलू नका.

६. माती आणि खत

जमिनीतल्या वाफ्याला हात लावण्याआधी वाफसा आला आहे का, म्हणजे माती खणण्याइतपत सुकली आहे का, ते बघा. मूठभर माती घेऊन दाबा. चिकट गोळा झाला तर थांबा. गोळा होऊन बोटाने टोचल्यावर त्याचा भुगा पडला तर खणायला घ्या. ओली माती खणली किंवा तिच्यावरून चाललात तर ती घट्ट दबते आणि वर्षभर तशीच राहते.

खताची घाई करू नका. सेंद्रिय खतातलं नत्र (नायट्रोजन) झाडाला मिळण्यासाठी मातीतल्या जिवाणूंनी ते मोडावं लागतं, आणि माती १० अंशांच्या खाली असली की त्यांचं काम फार मंदावतं. नवी फूट बोटभर झाली की २-३ सेंटिमीटर जाडीचा कंपोस्टचा थर खोडापासून थोडा दूर पसरा. रासायनिक खत वापरत असाल तर पाकिटावरच्या अर्ध्या मात्रेने सुरुवात करा. आधीच नत्र भरलंत तर लुसलुशीत, पाणीदार पालवी येते, आणि थंडी आणि मावा (पालवीतला रस शोषणारी बारीक कीड) दोघेही तिच्यावरच आधी पडतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. गार मातीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही, त्यामुळे टोमॅटोच्या रोपांची पानं खालून जांभळट होतात. मातीत खत असतं, पण माती गार असते. ऊब वाढली की नवी पानं हिरवी येतात.

वाळलेल्या पानांचं आच्छादन उन्हाळ्यासाठी उत्तम, पण कडक थंडीच्या जागी माती तापायच्या आत जाड थर घातलात तर तो गारवाच धरून ठेवतो. पानं गोळा करून पोत्यात भरून ठेवा. माती उबदार झाली की ५ ते ८ सेंटिमीटरचा थर द्या, खोडाला न चिकटवता.

७. बी पेरणं

पाकिटावरचा महिना वाचण्याआधी मातीचं तापमान मोजा, सकाळी, ५ सेंटिमीटर खोलीवर, तीन-चार दिवस सलग. वाटाणा, पालक, मुळा, गाजर १० अंशांच्या मातीतही उगवतात, फक्त वेळ लावतात. टोमॅटो, वांगं, मिरची यांना २० च्या वर माती हवी, २५ ते ३० मध्ये ती सर्वांत चांगली उगवतात. भेंडी आणि काकडीवर्गीय वेलींना २० च्या खाली पेरूच नका.

म्हणून टोमॅटो आणि मिरची घरात पेरायची. कडक थंडी संपायचा तुमचा अंदाज धरून टोमॅटो ६ ते ८ आठवडे आधी, मिरची ८ ते १० आठवडे आधी. जुनं बी असेल तर आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेत ठेवा. पाचपेक्षा कमी बियांना मोड आले तर नवं बी आणा.

उथळ ट्रे, चाळलेलं हलकं मिश्रण, आणि बियांच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोली. वरून पारदर्शक झाकण. पहिला कोंब दिसला की झाकण काढा आणि ट्रे सर्वांत उजेडाच्या खिडकीत न्या. इथे एक दिवसाचा उशीरही महागात पडतो. उगवायला ऊब लागते, पण उगवल्यावर उजेड लागतो, आणि उबेत उजेड कमी पडला की रोपं दोऱ्यासारखी लांबतात. ती नंतर जाड होत नाहीत. खिडकीकडे झुकत असतील तर ट्रे रोज फिरवा.

दुसरी अडचण म्हणजे रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडणं. मातीतल्या बुरशींमुळे हे होतं, आणि गार, सतत ओली माती आणि दाट पेरणी त्यांना मदत करते. पाणी ट्रेच्या खालून द्या, वरची माती मधून मधून सुकू द्या, आणि दाट उगवलेली रोपं विरळ करा. विरळ करताना जादा रोपं उपटू नका, कात्रीने कापा, नाहीतर शेजारच्याची मुळं हलतात. पहिली दोन पानं बियातलीच असतात. त्यानंतरची खरी पानं जोडीने आली की रोप स्वतंत्र कुंडीत हलवा, आणि धरायचं ते पानाला. खोड चेपलं तर रोप गेलं.

८. कोवळ्या पालवीवरचे पाहुणे

नवी फूट आली की मावा येतोच. त्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते आणि ती पिल्लं आठवड्या-दीड आठवड्यात स्वतः पिल्लं घालायला लागतात. म्हणून दर दोन दिवसांनी शेंडे उलटून बघा. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे असं समजा. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो.

फवारायच्या आधी भिंगातून बघा. काळसर, लांबट, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली खडबडीत अळी माव्यात फिरताना दिसली तर ती ढालकिड्याची आहे. ती मावा खाते. सुंदर, गोल, लाल ढालकिडा सगळे ओळखतात, त्याच्या अळीला मात्र शत्रू समजून चिरडतात. ती दिसली तर फवारणी थांबवा आणि आठवडाभर वाट बघा.

दिवस कोरडे आणि गरम व्हायला लागले की लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारे अगदी बारीक जीव, येतात. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. कागदावर सरकणारे ठिपके म्हणजे कोळी. दिवसा ऊब आणि रात्री गारवा असताना पानांवर पिठासारखी भुरी धरते, तिला पानं ओली असण्याचीही गरज नसते. रोगट पानं काढा, झाडात हवा खेळू द्या.

कडुनिंबाचं तेल एक लिटर कोमट पाण्याला ५ मिली, आधी थोड्या साबणात फेटून मग पाण्यात. त्याच दिवशी वापरा, संध्याकाळी फवारा, आणि आधी एका पानावर करून दोन दिवस थांबा. भुरीसाठी गंधक मारलं असेल तर त्यानंतर दोन आठवडे तेल फवारू नका, दोन्ही मिळून पानं जाळतात.

९. थंडी परत आली तर

निरभ्र आकाश आणि वारा पडलेला, अशी रात्र सर्वांत धोक्याची. ढगाळ रात्री जमिनीची ऊब इतक्या सहज निसटत नाही. दुपारी मातीला पाणी द्या, ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब साठवते. कुंड्या भिंतीला चिकटवून एकत्र ठेवा. सूर्य मावळायच्या आत काठ्या रोवून त्यावर चादर टाका. ती जमिनीपर्यंत यायला हवी, पण पानांना टेकायला नको. प्लास्टिक पानांना टेकलं तर तिथेच पान करपतं. सकाळी ऊन आलं की चादर काढा.

पालवी करपलीच, तर लगेच कापू नका. करपलेला भाग खालच्या डोळ्यांना पुढच्या थंड रात्रीपासून थोडं झाकतो. नवी फूट कुठून येते ते दिसल्यावर तिथवर कापा.

१०. रोपं बाहेर नेणं

घरातल्या रोपांनी वारा आणि थेट ऊन पाहिलेलं नसतं. पहिल्या दिवशी एक तास सावलीत, दुसऱ्या दिवशी दोन तास, मग सकाळचं कोवळं ऊन, असं ७ ते १० दिवस वाढवत न्या आणि रात्री आत घ्या. पानं पांढुरकी पडली तर दोन दिवस मागे जा. शेवटच्या दोन रात्री बाहेरच ठेवा, पण त्या संध्याकाळी तापमापक बघून. लावणी ढगाळ दिवशी किंवा ऊन उतरल्यावर करा, लावल्या लावल्या पाणी द्या, आणि पहिले तीन दिवस दुपारी पुठ्ठ्याची सावली धरा. नवं पान निघालं की सावली काढा आणि ती तारीख वहीत लिहा.